सात आडाळे आणि निळा उजेड

परळ, मुंबई
३० जुलै १९५७

ती. अक्का,

तुझ्या पायांवर डोकं. भावोजींच्याही पायांवर, पण ते आधीच पाय पुढे करून बसले असतील म्हणून जरा लांबून.

सरकारी प्रयोगशाळेत मी नेमकं करतो काय, असं तू विचारलं होतंस. भावोजी सगळ्या मसुऱ्याला सांगतात की हरिश्चंद्र मुंबईत बाटल्या मोजतो, तेही तू कळवलंस. त्यांना सांग, बाटल्या मोजणारे निराळे. आमच्याकडे पोलिसांकडून कोयते येतात, सदरे येतात, चटया आणि दाराच्या फळ्यासुद्धा येतात. त्यावर रक्त आहे की नाही, हे आम्ही (म्हणजे साहेब आणि मी) सांगतो.

गेल्या आठवड्यात एक कोयता आला. मालकाने तो राखेने घासून, वर खोबरेल चोळून असा ठेवला होता, की जणू त्याला मुलगी दाखवायला न्यायचा आहे. साहेबांनी खिडक्या बंद केल्या, एका पुडीचं पाणी कोयत्यावर फवारलं, आणि त्याची मूठ निळी उजळली. आग नाही, धूर नाही, हाताला ऊब नाही. नुसता थंड निळा उजेड, अर्धा मिनिट. कोयता घेऊन आलेला जमादार रामाचं नाव घेत बाहेर गेला तो टोपी विसरला.

त्या पुडीला ल्युमिनॉल म्हणतात. रक्तातल्या लोखंडाशी तिची गाठ पडली, की उजेड पडतो. धुतलेलं रक्त चालतं, वर्षापूर्वीचं वाळलेलंही चालतं. ते माणसाचं की कोंबडीचं, एवढं मात्र ती सांगत नाही. त्याला वेगळी परीक्षा लागते.

बाकी इथे श्रावण सुरू आहे. आमच्या खानावळीत श्रावण पाळतात, म्हणजे महिनाभर बांगड्याला भाजी म्हणतात. मी निमूटपणे भाजी खातो. हे भावोजींना वाचून दाखवू नकोस.

तुझा
हरी

*

तळीवाडी, मसुरे
८ ऑगस्ट १९५७

चि. हरीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांनीच आधी फोडलं. पस्तीस वर्षं शाळेत पोरांच्या वह्या तपासल्या, आता माझी पत्रं तपासतात. भाजीपाशी आले आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. तुझं नाव त्या दिवसापासून संध्याकाळच्या आरतीनंतर घेतलं जातं, पण देवाला जे सांगतात ते तुला कळवण्यासारखं नाही.

आता इथलं ऐक. तुला ठाऊकच आहे, वाडीच्या महादेवाला श्रावणी सोमवारचा नैवेद्य आपल्या घरून जातो. तो मान सासऱ्यांच्याही आधीपासून ह्या घराकडे. परवाच्या सोमवारी नैवेद्य दाखवून झाला, पानं मांडली, आणि समोरच्या घरच्या आनंदीबाईंनी भातातून एक काटा काढून दोन बोटांत वर धरला. अक्षता धराव्या तसा.

"देवाच्या भातात काटो!" एवढंच बोलली बाई. पण पंचवीस वर्षं त्या मानावर डोळा ठेवल्याचं सार्थक झाल्याचा आनंद तिच्या तोंडावर होता, तो मी पाहिला.

मग देवळाची समिती बसली. पहिला तासभर काटा बांगड्याचा की पेडव्याचा, ह्यावर गेला. श्रावण पाळणाऱ्या माणसांना माशांच्या काट्यांची एवढी बारीक पारख आहे, हे पाहून मला वाडीचा अभिमान वाटला. बांगडा ठरला. मग आणला कोणी? घरच्या माणसाने केलं असेल तर मान आनंदीबाईंच्या घरी जाणार. ह्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "सून अजून आमची खंय झाली? पयलां मूल होयसर ती माहेरचीच."

झालं. दोन वर्षं धुणीभांडी, शेणगोठा आणि दळणकांडण करताना विमला आमची होती. काटा सापडला तशी ती वैभववाडीची झाली. समितीने माना डोलावल्या. मान घरात राहिला आणि सून बाहेर गेली. तिला ट्रंक भरून माहेरी पाठवली. जाताना एक शब्द बोलली नाही. मला वाकून नमस्कार केला आणि एसटीत चढली. गुरुदासला रेडीला पत्र घातलंय, बायको माहेरी गेली म्हणून. खनिजाच्या बोटी पावसाळ्यात बंद असल्या तरी त्याच्या साहेबाला कारकून बंद ठेवायचा नाही, त्यामुळे तो चतुर्थीपर्यंत येत नाही.

तुझ्या त्या पुडीचं ह्यांच्या डोक्यात घट्ट बसलंय. मागवून घेऊ म्हणतात, मुलीचा दोष शास्त्राने सिद्ध करू म्हणतात. तू काही पाठवू नकोस. इथे पाऊस, दमट हवा, पुडी ओली होईल. शिवाय ह्यांना दिसत नाही नीट. नकोच पाठवू.

तुझी
अक्का

*

परळ, मुंबई
१३ ऑगस्ट १९५७

ती. अक्का,

तू नको म्हणतेस ते मी ओळखलं. भावाला त्रास नको, टपालखर्च नको, हा तुझा जुना स्वभाव. लहानपणी ताप आला तरी 'काही नाही' म्हणायचीस. म्हणून पार्सल आजच टाकलं आहे.

अगं, ही पुडी विमलाच्या बाजूची आहे! भावोजींना दोष सिद्ध करायचाय ना? करू देत. विमलाच्या आडाळ्यावर फवारा. (बघ, मुंबईत राहून विळी म्हणायला लागलो नाही.) उजेड पडला नाही, की पोरगी सुटली. समितीला शास्त्रापुढे मान तुकवावीच लागेल. न तुकवून सांगतात कोणाला? मी इथून सरकारी कागदावर लिहून पाठवीन.

कृती अशी. पहिल्या पुडीत पिवळट पूड आहे, ती ल्युमिनॉल. चिमूटभरच घ्यायची. दुसऱ्या पुडीत धुण्याचा सोडा, तिसऱ्यात पांढरी पूड. तिन्ही तांब्याभर पाण्यात ढवळा आणि लगेच वापरा. शिळं पाणी चालत नाही. फवारायला लग्नातली चांदीची गुलाबदाणी घ्या. खोली अगदी काळोखी हवी, पण त्यासाठी रात्रीची वाट पाहायला नको, खिडक्यांना गोणपाट लावलं तरी पुरे. रक्त असेल तिथे निळं दिसेल.

साहेबांची परवानगी घेऊनच पाठवतो आहे. ते माझ्याशिवाय एक प्रयोग करत नाहीत.

तुझा
हरी

*

तळीवाडी, मसुरे
२० ऑगस्ट १९५७

चि. हरीस आशीर्वाद.

तुझी विद्या पोचली. रविवारी दुपारी तिने आमच्या घरी दर्शन दिलं.

भाताच्या कोठीच्या खिडक्यांना गोणपाट ठोकलं. ह्यांनी सोवळं नेसून पाणी ढवळलं आणि ढवळताना गायत्री म्हटली. तुझ्या कृतीत ती नव्हती, पण तीही घातली. समितीचे नऊ जण दाटीवाटीने बसले. विमलाचा एकटीचा आडाळा काय तपासायचा, पक्षपात दिसेल, असं बाबलींनी काढलं. ते समितीचे चिटणीस, त्यांना पक्षपात फार लांबून दिसतो. म्हणून वाडीतल्या सातही घरांचे आडाळे मागवले. सातांमध्ये आमचाही आला, म्हणजे माझा.

पहिला आनंदीबाईंचा. गुलाबदाणी हलवली, आणि बाबा रे, पातं तर सोड, त्याचा लाकडी पाटसुद्धा निळा पेटला. खाचाखाचांतून उजेड. आनंदीबाई म्हणाल्या, "ह्यो माझो न्हय!" दुसरा चिटणिसांचा, तो त्याहून निळा. तिसरा, चौथा, पाचवा. प्रत्येक आडाळ्यावर खोलीत एक एक माणूस गप्प होत गेला. सातवा माझा. तो एवढा उजळला की मला समोर बसलेल्यांचे चेहरे दिसले.

आणि मग विमलाचा. फवारलं. काळोख. ह्यांनी पुन्हा फवारलं. काळोखच.

तुला वाटेल पोरगी सुटली. तू समितीला ओळखत नाहीस. हे म्हणाले, "कसो धुवन काडलान बगा!" आणि सगळ्यांना एकदम हायसं वाटलं. सात घरांचे आडाळे लखलखतात, कारण आम्ही सरळ माणसं, लपवाछपवी करत नाही. श्रावण सोडून अकरा महिने खातो, ते दिसतं. जिचा दिसत नाही तिने नक्कीच घासून घासून पुरावा नाहीसा केला. तुझ्या त्या कोयतेवाल्यासारखा. ह्यांनी तुझं पत्र काढून तो भाग मोठ्याने वाचला. दोष शास्त्राने सिद्ध झाला.

थांब, संपलं नाही. उरलेलं पाणी बाहेर टाकायला जाताना चिटणिसांचा धक्का लागला आणि ते कोनाड्यातल्या देवाच्या तांब्याच्या ताम्हनावर सांडलं. आमसुलाने घासून वाळत ठेवलं होतं. तेही निळं झालं! आता ताम्हनात मासळी कोणी कापली, असं विचारायला हवं होतं की नाही? पण सगळ्यांनी हात जोडले. देवाने कौल दिला म्हणे. सोमवारी सकाळी दर्शनाला रांग लागली, पुडी संपत आली तसं ह्यांनी फवारणं कमी केलं आणि रांग वाढवली. आडाळ्यावर उजेड पडला तर सरळपणा, नाही पडला तर पाप, आणि ताम्हनावर पडला तर चमत्कार. तुझी पूड गुणी आहे हो, ज्याच्या हातात गुलाबदाणी त्याच्या मनातलं बोलते.

आता एक खरं सांगते. काल तो विमलाचा आडाळा माळ्यावर परत ठेवायला गेले. आणला तेव्हा गडबडीत पाहिलं नव्हतं. त्याच्याभोवतीचा कागद तिथेच पडला होता, तिच्या लग्नाच्या आठवड्यातलं वर्तमानपत्र. आईबापांनी आंदण दिलेला, कागदातून काढलाच नव्हता कधी. दोन वर्षांत मी तिला चुलीपाशी बसू दिलं नाही रे. एक कांदा चिरू दिला नाही. मीच कापणार, मीच फोडणी घालणार, हा माझा तोरा. तिने आडाळा धुतला नाही, तिला तो वापरायला मिळालाच नाही. हे मला ठाऊक होतं आणि काळोखात बसून मी ते बोलले नाही. रडू आलं, आणि रडायलाही माळाच बरा वाटला.

तुझी
अक्का

ता. क. सुक्या मासळीचंही रक्त दिसतं का त्या पुडीला? सहज विचारते.

*

परळ, मुंबई
२४ ऑगस्ट १९५७

ती. अक्का,

तुझं पत्र वाचून मी साहेबांकडे गेलो. म्हणजे साहेब बाहेर येईपर्यंत दारात उभा राहिलो. आता तुला सांगायला हरकत नाही, भावोजी म्हणतात ते अगदीच खोटं नाही. मी बाटल्या मोजत नाही, धुतो. काचेची नळकांडी, बाटल्या, चंचुपात्रं, दिवसाला शंभर. त्या दिवशी कोयता मी खिडकीच्या फटीतून पाहिला. पुड्या साहेबांच्या कपाटातून घेतल्या, आणि साहेबांना अजून ते कळलेलं नाही.

साहेब हसले. म्हणाले, तांब्यावरही उजेड पडतो, त्यात आमसुलाने घासलेलं तांबं म्हणजे विचारायलाच नको. आणि मासे चिरायच्या पातीवर तर पडणारच. लाकडात मुरलेलं जुनं रक्त ताज्याहून जास्त उजळतं. ही पूड फक्त 'इथे शोधा' असं म्हणते, 'हाच गुन्हेगार' असं कधीच म्हणत नाही, असंही ते म्हणाले. हे वाक्य मी पार्सलात घालायला हवं होतं. त्याऐवजी तिसरी पुडी घातली.

आता तुझा ता. क. अक्का, ती ओळ मी वाचलेली नाही. तू ती लिहिलेलीही नाहीस. समजलं ना? लहानपणी तू ताप लपवायचीस, तसंच हेही असेल, मला जाणून घ्यायचं नाही. गप्प राहा. विमला तरुण आहे, तिला माहेर आहे, खाऊनपिऊन सुखी घर आहे. दोन महिने राहील आणि दिवाळीपर्यंत सगळे विसरतील. तू बोललीस तर ह्या वयात तुला वाडीत तोंड दाखवायला जागा उरणार नाही. भावोजींचा स्वभाव मला माहीत आहे. देवाची शपथ, गप्प राहा.

तुझा
हरी

*

मु. वैभववाडी
३ सप्टेंबर १९५७

चि. हरी,

पत्ता वाचून दचकू नकोस. विमलाच्या माहेरी आहे, आणि हे पत्र कोणी आधी फोडणार नाही म्हणून ऐसपैस लिहिते.

तू गप्प राहा म्हणालास. तुझा सल्ला नेहमीच मुंबईहून सोपा दिसतो.

गणपती पोचवले, दुसऱ्या दिवशी समिती पुन्हा बसली. गुरुदास आला होता, आपल्या बायकोचा विषय निघाला की तो छपराकडे बघतो. ठरलं काय, तर ताम्हनाने कौल दिला, देवाचा राग खरा, विमलाला परत आणायचीच नाही. कायमची. चिटणिसांनी लिहून घ्यायला दौत उघडली, तेव्हा मी माजघरातून बाहेर आले. पस्तीस वर्षांत समितीसमोर मी चहाच घेऊन आले होते, म्हणून सगळ्यांनी आधी माझ्या हातांकडे पाहिलं.

मी म्हटलं, "काटो माझो. मिया खाल्लंय."

आणि सगळं सांगितलं. त्या सोमवारी अंगात कणकण होती, उपास, नऊ दिवस तोंडाला चव नाही. बरणीच्या तळाशी गेल्या वर्षीचा एक सुका बांगडा राहिला होता. गोठ्यात निखाऱ्यावर भाजला, थंड पेजेबरोबर खाल्ला. श्रावणी सोमवारी. हात धुतले, पण पदर झटकला नाही. तसाच देवाचा भात केला. एवढं म्हणताना हरी, जीव हलका होत होता. आता म्हटलं मान जाऊ दे, मला बोलू देत, हात उचलू देत, पोरगी घरी येऊ दे.

मग हे उठले, मला वाटलं अंगावर येतात. तर डोळे पुसत समितीकडे वळले आणि म्हणाले, "बगलात? सुनेक वाचवूक आपणावर घेता! अशी सासू खंय गावतली?"

बाबली चिटणीस म्हणाले, "कावेरीवैनी, तुमी देवमाणूस." आनंदीबाईंनी, पंचवीस वर्षांच्या वैरिणीने, येऊन माझ्या पायांना हात लावला. मी ओरडून सांगते, अहो मी खाल्लाय, शेपटीसकट खाल्लाय! तसे ते अधिकच गहिवरतात. माझ्यासारख्या साध्वीला असं खोटं बोलायला लावलं, म्हणून विमलाच्या नावावर आणखी एक गुन्हा लिहिला. नवऱ्याच्या नावावरचा मान, माझ्या नावावरचं पुण्य, सगळं जागच्या जागी राहिलं. खरं बोलून एवढा आदर मला जन्मात मिळाला नव्हता.

मी आत गेले, माळ्यावरचा आडाळा कागदासकट पिशवीत घातला, दोन लुगडी घातली आणि सकाळच्या गाडीला बसले. ह्यांनी विचारलं, "खंय चललंस?" म्हटलं, "प्रायश्चित्ताक." त्यांना ते पटलं. पुण्यवान बाईला कोण अडवणार?

विमला अंगणात भात वाळवत होती. उन्हाची तिरीप होती म्हणून. मी पिशवी खाली ठेवली नाही, उभ्या उभ्याच सांगितलं. मीच खाल्ला, म्हटलं, आणि तुला घालवताना गप्प बसले, आडाळ्याचं माहीत असून गप्प बसले. ती भात गोळा करायला लागली. मग म्हणाली, "माका ठावक होता, अक्का. आत येवा, भिजतालास."

पाऊस पुन्हा सुरू झाला होता, तेही मला कळलं नव्हतं.

ठाऊक होतं म्हणते, हरी! सुरुवातीपासून. मग बोलली का नाही? मला विचारवत नाही. दोन दिवस तिच्या हातचं खाते आणि तोंड उघडत नाही. तूच लिहून विचार. तू तरी शिकलेला, सरकारी प्रयोगशाळेतला.

तुझी
अक्का

*

परळ, मुंबई
८ सप्टेंबर १९५७

चि. सौ. विमलास अनेक आशीर्वाद.

हरिश्चंद्रमामा लिहितो आहे. लग्नात तुझ्या पंगतीला मठ्ठा वाढताना सांडला होता, तोच मी.

अक्काचं पत्र आलं. त्याच दिवशी भावोजींचंही आलं, त्यांनी नवरात्रासाठी दोन शेर पूड मागवली आहे आणि 'ताम्हनाला मानवेल अशी' असं खाली दोनदा अधोरेखित केलं आहे. मी त्यांना कळवलं की तो तांब्याचा गुण आहे, देवाचा नव्हे, हवं तर घरचा बंब फवारून पाहा. ते फवारणार नाहीत. पुड्या मी कपाटातून घेतल्या, हे साहेबांनाही काल सांगितलं. त्यांनी एक महिना मला तळघरातल्या बाटल्यांवर टाकलं आहे. वरच्या मजल्यावर तरी कुठे मोठा दिवा लावत होतो?

पण तुला विचारतो ते वेगळंच. तुला ठाऊक होतं, तर समितीपुढे बोलली का नाहीस? एका वाक्यात सुटली असतीस. तुझ्यासाठी मी एवढं शास्त्र मसुऱ्याला पाठवलं, आणि साक्षीदार घरातच गप्प उभी होती. राग नाही, पण मला खरंच समजत नाही.

तुझा
मामा

*

मु. वैभववाडी
१५ सप्टेंबर १९५७

ती. मामांस विमलाचा शि. सा. नमस्कार.

पत्र पावलं. मी सातवीपर्यंतच शिकले आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

अक्का बऱ्या आहेत. इथे भिजत आल्या म्हणून आलेला ताप गेला. पहिले दोन दिवस पाहुण्यासारख्या बसल्या, तिसऱ्या दिवशी माझ्या आईला फोडणी चुकली म्हणाल्या, तेव्हा आम्हा सगळ्यांना बरं वाटलं. भाईंचं, म्हणजे सासऱ्यांचं, कार्ड आलं. 'रोज पेज करपते. कावेरीस पाठवून द्यावे. तुझा विचार मागाहून करू.' अक्कांनी त्याच कार्डाच्या कडेला लिहिलं, 'आम्ही दोघी येऊ, नाहीतर पेज ढवळत राहावे,' आणि उलट टपाली पाठवलं. काल गुरुदास आले. ह्या वेळी छपराकडे बघत नव्हते. भाईंनी दोघींना आणायला सांगितलंय, असं म्हणाले. समितीला काय सांगणार, मी विचारलं नाही. काहीतरी शोधतील. घरच्या देवांपुढे नैवेद्याचा भातही करपलेलाच गेला होता म्हणे, त्यामुळे घाई आहे. गुरुवारी निघतो. चूल मी सांभाळणार, हे अक्कांनी बाबांसमोर सांगितलं.

आता तुम्ही विचारलंत त्याचं.

त्या सोमवारी मी शेण काढायला गोठ्याकडे गेले होते. अक्का माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या, अंगावर घोंगडी. भराभर खात होत्या, कोणी हातातून काढून घेईल अशा. मी आल्या पावली मागे फिरले. त्यांना कळलं नाही. मला हसू आलं होतं आणि वाईटही वाटलं होतं. घरात सगळ्यांना वाढून झाल्यावर त्या किती जेवतात, हे दोन वर्षं मी बघत होते.

समितीत सगळे माझ्याकडे बघायला लागले तेव्हा मी अक्कांकडे पाहिलं. त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं. मला एवढंच दिसलं, की आता दोघींपैकी एकीला ह्या घरातून जायचं आहे. मला घालवलं असतं तर माझे बाबा एसटीच्या थांब्यावर छत्री घेऊन उभे राहणार, हे मला माहीत होतं. ते उभे होतेच. अक्कांना घालवलं असतं तर त्या कुठे उतरल्या असत्या? आईवडील नाहीत. कुडाळच्या घरात तुम्ही भाडेकरू ठेवलेत. राहिलं मुंबईतलं तुमचं घर. तुम्ही त्यांना ठेवून घ्याल की नाही, हे तेव्हा मला माहीत नव्हतं, म्हणून मी बोलले नाही.

तुमचं चोवीस ऑगस्टचं पत्र अक्कांनी परवा मला वाचायला दिलं. त्यांना अक्षर लागत नाही म्हणाल्या, पण तसं नसावं. त्यात 'गप्प राहा' दोनदा आहे, 'माझ्याकडे ये' एकदाही नाही. ते वाचल्यावर मला वाटलं, मी बोलले नाही तेच बरं केलं.

आपली
विमला